थोरले माधवराव आणि आळेगावचा दिवस

आपल्या शाळेच्या अंकात मराठीला दोन-चार पाने मिळतात. त्या पानांवर दर वर्षी कोणीतरी शिवाजी महाराजांवर किंवा पहिल्या बाजीरावांवर लिहितो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र या वेळी थोरले माधवराव पेशवे निवडले. कारण साधे आहे. ते पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते, म्हणजे माझ्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठे. आम्हाला रविवारी गावात जायचे तर आउटपासवर हाउस मास्टरांची सही लागते. त्यांच्या हातात मात्र त्या वयात एक अख्खे राज्य आले होते, आणि तेही नुकतेच लढाई हरलेले, कर्जात बुडालेले आणि घरातच फुटलेले.

त्यांची पहिली ओळख मला रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीतून झाली. ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी घरांत ती अजून वाचली जाते. माझ्या आजीने ती तीन वेळा वाचली आहे. शेवटची पाने वाचताना ती अजूनही डोळे पुसते. कादंबरी वाचून झाल्यावर मी इतिहासाची पुस्तके आणि नकाशा घेऊन बसलो. कादंबरीत माणसे दिसतात, नकाशात नद्या, किल्ले आणि अंतरे दिसतात. दोन्ही शेजारी ठेवली की एखादा निर्णय घेणे किती अवघड होते, ते कळते. कादंबरीकाराला संवाद लिहावे लागतात, पण बंद तंबूत दोन माणसे काय बोलली हे कोणीच टिपून ठेवलेले नसते. म्हणून या लेखात मी कोणाच्याही तोंडी वाक्ये घातलेली नाहीत. माधवरावांनी काय केले तेवढेच सांगतो. मला वाटते, त्यांच्या बाबतीत तेवढे पुरेसे आहे.

माधवराव हे नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे दुसरे चिरंजीव. त्यांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये सावनूर येथे झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. थोरले बंधू विश्वासराव असल्यामुळे पेशवाईची वस्त्रे आपल्याला मिळतील असे माधवरावांना किंवा इतर कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. पुढे त्यांच्याच पुतण्यालाही, म्हणजे सवाई माधवरावांना, हेच नाव मिळाले. म्हणून यांना आपण ‘थोरले’ म्हणतो. वयाने मात्र ते कधी फार मोठे झालेच नाहीत.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सारे बदलले. दिल्लीहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पानिपत स्टेशन लागते. आमच्यातले बरेच जण सुट्टीला जाता-येता ते पाहतात. फलाटावर चहा मिळतो, गर्दी असते, आणि दोन मिनिटांत गाडी सुटते. त्या एका दिवसात तिथे विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ पडले आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतला कोणी ना कोणी गेला. ती बातमी घेऊन नानासाहेब पुण्याला परतले ते खचूनच. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. पाच महिन्यांत थोरला भाऊ, चुलते आणि वडील असे तिघे गेले. जुलैमध्ये साताऱ्याला छत्रपती रामराजांकडून माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

आता चारी बाजूंची परिस्थिती पाहा. पूर्वेकडे निजामअली. मराठ्यांनी १७६० मध्ये उदगीरला त्याचा पराभव केला होता आणि त्याला तो सल भरून काढायचा होता. दक्षिणेत हैदरअलीने म्हैसूरची सत्ता हाती घेतली होती आणि तुंगभद्रेकडे तो सरकत होता. नागपूरचे जानोजी भोसले आपल्या फायद्याप्रमाणे कधी इकडे, कधी तिकडे असत. उत्तरेत पानिपतानंतर मराठ्यांचा दरारा उरला नव्हता. आणि तिजोरीत पैशांऐवजी सावकारांचे कागद होते.

पण सर्वांत कठीण शत्रू घरातच होता. तो शत्रू होता की नव्हता हेही ठरवणे अवघड, कारण ते त्यांचे सख्खे काका होते. रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. त्यांच्याविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते काही भित्रे किंवा नालायक नव्हते. १७५८ मध्ये मराठी फौज लाहोरपर्यंत गेली तेव्हा तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पुतण्या पेशवा झाला तेव्हा तेही सव्वीस वर्षांचेच होते. घरात कर्ता पुरुष एकच उरला होता आणि तो आपण आहोत, असे त्यांना वाटत होते. राज्याचा कारभार पुतण्याच्या नावाने आपण चालवावा ही त्यांची इच्छा होती. माधवरावांना मात्र पेशवेपद केवळ नावापुरते नको होते.

निजामअलीने वाट पाहिली नाही. १७६१ संपत असताना तो थेट पुण्याच्या रोखाने निघाला आणि उरुळीच्या आसपास येऊन ठेपला. मराठ्यांनी त्याला चांगलेच कोंडीत पकडले. पण तो अडचणीत असतानाच राघोबादादांनी त्याच्याशी तह केला आणि उलट त्यालाच मुलूख देऊन त्याला सुटू दिले. पुढे कधीतरी पुतण्याशी बिनसले तर निजाम आपल्या उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. पुढे नेमके तसेच घडले.

१७६२ च्या पावसाळ्यात काका-पुतण्यांचे उघड बिनसले. राघोबादादा पुणे सोडून गेले, त्यांनी फौज जमवली आणि निजामाची मदत मागितली. बदल्यात मुलूख द्यायचेही कबूल केले. नोव्हेंबरमध्ये आधी घोडनदीवर आणि मग आळेगावजवळ लढाई झाली. १२ नोव्हेंबर १७६२ ला आळेगावला माधवरावांची बाजू हरली.

मला या लेखात मुख्यतः इथेच थांबायचे आहे. कारण यानंतर माधवरावांनी जे केले, त्यावरून आमच्या हाउसमध्ये दोन रात्री वाद झाला.

सतरा वर्षांच्या माधवरावांपुढे तेव्हा काही वाटा होत्या. उरलेली फौज घेऊन दक्षिणेकडे जायचे, तिथे पटवर्धनांसारख्या विश्वासू सरदारांच्या बळावर पुन्हा लढायचे. किंवा काकांप्रमाणेच बाहेरच्या कोणाची तरी मदत मागायची. त्या काळी असे करणारे पुष्कळ होते आणि त्याला कोणी विशेष नावे ठेवत नसे. माधवरावांनी यातले काहीही केले नाही. ते स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. पेशवेपद नावाला राहिले, कारभार राघोबादादा आणि सखारामबापूंच्या हाती गेला, आणि माधवरावांवर पहारा बसला.

आमच्या हाउसमध्ये या एका गोष्टीवरून दोन तट पडले. एका मित्राचे म्हणणे असे की शरण जाणे ते शरण जाणे, त्याला दुसरे नाव देऊ नये. आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात की जागा सोडायची नाही. आपल्या सेनापतीनेच जागा सोडली तर त्याच्यासाठी लढलेल्या शिपायाने काय समजायचे? त्याचे वडील फौजेत सुभेदार आहेत. त्याचा प्रश्न मला हलका वाटला नाही, आणि अजूनही वाटत नाही. आळेगावला माधवरावांसाठी माणसे मेली होती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे माझे होते. मी नकाशा दाखवला. काकांच्या पाठीशी निजाम उभा होता. लढाई आणखी सहा महिने चालली असती तर दोन्ही बाजूंना मराठेच मेले असते, आणि शेवटी जो कोणी जिंकला असता त्याला निजामाचे ऋण फेडावे लागले असते. पानिपतावर एक पिढी संपली होती. उरलेली फौज आपापसांत संपवायची की नाही, हा खरा प्रश्न होता. माधवरावांनी जागा सोडली ती स्वतःची. राज्याची जागा त्यांनी सोडली नाही. फौज एका झेंड्याखाली राहिली आणि निजामाला भांडण लांबवण्याचे निमित्त उरले नाही.

मित्र म्हणाला की हे तू आज सांगतोस, कारण पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक नव्हते. हे मात्र अगदी खरे आहे. आणि म्हणूनच मला तो निर्णय मोठा वाटतो. काका आपल्याला पुन्हा कधी बाहेर येऊ देतील याची कसलीही खात्री नसताना त्यांनी तो घेतला.

पुढचे दहा महिने राघोबादादांच्या कारभाराचे होते. त्यांनी जुने हिशेब चुकते करायला सुरुवात केली. मिरजेच्या पटवर्धनांवर फौज नेऊन मिरज घेतली. गोपाळराव पटवर्धनांसारखा कर्तबगार सरदार त्यामुळे निजामाकडे गेला. इतरही सरदार दुखावले. निजामाच्या दिवाणाने, विठ्ठल सुंदर याने, ही नाराजी ओळखली आणि जानोजी भोसल्यांनाही आपल्या बाजूला ओढले. ज्या निजामाला राघोबादादांनी मित्र मानले, तोच १७६३ मध्ये पुन्हा चालून आला. मराठी फौज त्याच्या मुलखात शिरून हैदराबादच्या बाजूला गेली, तेव्हा त्याने पुणे गाठले. शहर लुटले, घरे जाळली. लोक मिळेल त्या किल्ल्याच्या आणि डोंगराच्या आश्रयाला पळाले.

या संकटात माधवराव पुन्हा पुढे आले. नजरकैदेचा राग त्यांनी मनात ठेवला असता तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण ते काकांच्या बरोबरीने मोहिमेवर होते. जानोजींना मुलूख देऊन निजामापासून फोडले गेले. मग १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनला गाठ पडली.

राक्षसभुवन हे आजच्या बीड जिल्ह्यातले गाव. आम्हाला नदी ओलांडण्याचा जो पाठ शिकवतात, त्याचे हे अचूक उदाहरण आहे. फौज नदी ओलांडत असते तेव्हा ती दोन तुकड्यांत विभागलेली असते, आणि तीच तिची सर्वांत दुबळी वेळ असते. निजामअली स्वतः पलीकडे गेला होता. पावसाळ्याचे दिवस, गोदावरीला भरपूर पाणी. विठ्ठल सुंदर अर्धी फौज घेऊन अलीकडच्या काठावर होता. मराठ्यांनी त्याच वेळी हल्ला केला. लढाईत एका क्षणी राघोबादादाच शत्रूच्या वेढ्यात सापडले. तेव्हा माधवरावांनी आपली तुकडी घालून त्यांना सोडवले आणि लढाईचे पारडे फिरले. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला हे नुसते पाहावे लागले. पुढे झालेल्या तहात ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला.

ज्या काकांनी नऊ महिन्यांपूर्वी आपल्याला पहाऱ्यात ठेवले होते, त्यांना वाचवायला माधवराव अठराव्या वर्षी घोडा घालतात. कादंबरीत हा प्रसंग असला तर तो लेखकाने रचला असे वाटले असते. पण तो इतिहासात आहे.

राक्षसभुवननंतर कारभार माधवरावांच्या हातात आला. तो त्यांनी मागून घेतला नाही. फौजेने आणि सरदारांनी आता त्यांनाच पेशवे मानले. त्यांनी पटवर्धनांना मिरज परत दिली. तुटलेली माणसे पुन्हा जोडली. त्यांनी निवडलेली माणसे पाहिली तर थक्क व्हायला होते. न्यायासाठी रामशास्त्री प्रभुणे. हिशेब आणि दप्तरासाठी पानिपतातून कसेबसे वाचलेले नाना फडणीस. उत्तरेसाठी पानिपतावर जखमी होऊन पायाने कायमचे अधू झालेले महादजी शिंदे. शिंद्यांच्या दौलतीवर अनेकांचा हक्क सांगितला जात होता, त्यात महादजींना पाठिंबा देण्याचा निर्णय माधवरावांचा. पुढची वीस-पंचवीस वर्षे मराठी राज्य ज्या खांबांवर उभे राहिले, ते खांब या तरुण माणसाने रोवले होते.

रामशास्त्र्यांची एक आठवण परंपरेने सांगतात. माधवराव एकदा जपजाप्यात इतके रमले की कामे खोळंबली. शास्त्रीबुवांनी सरळ नोकरी सोडून काशीला जाण्याची परवानगी मागितली. राज्य करणाऱ्याचा धर्म रयतेची कामे करणे हा आहे आणि ती सोडून पूजाअर्चाच करायची असेल तर दोघांनीही काशीला जावे, असा त्यांचा रोख होता. माधवरावांनी ते ऐकले आणि जप आवरता घेतला. मला यात रामशास्त्र्यांइतकेच माधवरावांचे कौतुक वाटते. आपल्याहून खालच्या पदावरच्या माणसाने चूक दाखवली तर ती ऐकून घेणे, हे परेड ग्राउंडवर शिकवता येत नाही. शेतकऱ्यांना वेठीला धरून फुकट राबवून घेण्याची जुनी पद्धत होती. त्यांनी तिलाही आळा घातला.

आता दक्षिणेकडे वळू. हैदरअलीवर माधवरावांनी स्वतः तीन वेळा स्वारी केली. १७६४ मध्ये रट्टेहळ्ळीजवळ त्यांनी हैदरचा मोठा पराभव केला. १७६७ मध्ये मदगिरीचा किल्ला घेतला तेव्हा हैदरने कैदेत ठेवलेल्या बेदनूरच्या राणीची सुटका झाली. हैदरसारख्या कसलेल्या सेनापतीला रानात, डोंगरात आणि किल्ल्यांत गाठून हरवणारे त्या काळात फार थोडे होते.

इथे मला माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मित्राचे म्हणणे नोंदवायला हवे. तो तुंगभद्रेच्या बाजूचा आहे. मी मोहिमांची यादी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवत होतो. त्याने शांतपणे विचारले की या फौजा ज्या गावांतून गेल्या, त्या गावांनी काय खाल्ले? हैदरची फौज येवो की पेशव्यांची, दाणावैरण शेतकऱ्याच्याच घरातून जात होती. त्याचा प्रश्न मी टाळला नाही, कारण त्याला उत्तर नाही. माधवराव आपल्या रयतेला जपणारे होते. पण अठराव्या शतकातली लढाई ही दुसऱ्याच्या मुलखावर पोसली जाणारी लढाई होती, आणि तेही त्याच पद्धतीने लढले. पुण्याने निजामाकडून जे सोसले, तेच १७६९ मध्ये पेशव्यांच्या फौजेकडून नागपूरने सोसले. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना हे वगळले तर ते चरित्र राहत नाही, नुसती आरती होते.

दरम्यान राघोबादादा पुन्हा अस्वस्थ झाले होते. उत्तरेतल्या त्यांच्या मोहिमेत यश आले नाही, खर्च मात्र झाला. परत येऊन त्यांनी राज्याचा अर्धा वाटा मागितला. माधवरावांनी आधी समजूत घातली, नाशिकजवळ आनंदवल्लीला जाऊन भेट घेतली, त्यांच्या कर्जाची जबाबदारीही उचलली. तरीही राघोबांनी फौज जमवली. १० जून १७६८ रोजी धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव केला, त्यांना पुण्याला आणले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

म्हणजे सतराव्या वर्षी जो काकांपुढे झुकला, तो तेविसाव्या वर्षी झुकला नाही. हा बदल कशामुळे झाला? माझ्या मते माधवराव बदलले नव्हते, प्रश्न बदलला होता. आळेगावला प्रश्न असा होता की कारभार कोणी करायचा. तो काकांनी केला असता तरी राज्य एकच राहिले असते, म्हणून माधवराव मागे सरले. धोडपला प्रश्न राज्याचे दोन तुकडे करण्याचा होता. तिथे मागे सरणे म्हणजे स्वतःचे नव्हे, तर दुसऱ्याच्या मालकीचे काहीतरी देऊन टाकणे होते. आपले स्वतःचे काय ते सोडता येते, आपल्याकडे सोपवलेले सोडता येत नाही. दोन्ही वेळा कसोटी एकच होती. माझ्या वाद घालणाऱ्या मित्राला मी धोडपची गोष्ट सांगितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला की हे आधी सांगायला हवे होते.

घर शांत झाल्यावर माधवरावांनी पानिपताकडे लक्ष दिले. १७६९ मध्ये रामचंद्र गणेश कानडे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या हाताखाली उत्तरेत फौज पाठवली. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर बरोबर होते. फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली मराठ्यांच्या ताब्यात आली. अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाने राहणारा बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणात ६ जानेवारी १७७२ रोजी दिल्लीत परतला. पानिपताला तेव्हा पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती. ज्या पेशव्याच्या कारकिर्दीत हे घडले, त्याने स्वतः दिल्ली कधी पाहिली नाही.

कारण तोवर ते अंथरुणाला खिळत चालले होते. त्यांना क्षय झाला होता. आज ज्या रोगावर सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, त्याला तेव्हा औषध नव्हते. १७७० मध्ये हैदरवरची मोहीम अर्ध्यावर सोडून त्यांना परत यावे लागले. ती त्र्यंबकरावमामा पेठ्यांनी पुढे चालवली आणि १७७१ मध्ये मोती तलावाजवळ हैदरचा पुन्हा पराभव केला. माधवराव नसतानाही त्यांनी बसवलेली घडी चालत होती. चांगल्या कमांडरची हीच ओळख असावी.

शेवटचे दिवस त्यांनी थेऊरला चिंतामणीच्या देवळात काढले. मरण जवळ आल्यावर त्यांना काळजी होती ती कर्जाची आणि धाकट्या भावाची. आपल्या मागे सावकारांचे देणे राहू नये म्हणून त्यांनी ते फेडण्याची व्यवस्था लावली. काकांना बोलावून नारायणरावांचा हात त्यांच्या हाती दिला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. कादंबरी वाचताना माझी आजी इथे रडते. मलाही वाईट वाटले, पण थोडा रागही आला. क्षयाने एक तरुण माणूस नेला, ते कोणाच्या हातात नव्हते. रमाबाईंचे जाणे मात्र एका रूढीमुळे झाले, आणि ती रूढी माणसांनीच केलेली होती.

कादंबरी थेऊरला संपते, इतिहास संपत नाही. ज्या काकांच्या हाती नारायणरावांना सोपवले होते, त्यांच्याच पक्षाच्या कटातून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. ते अठरा वर्षांचे होते. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. पुढे राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून इंग्रज-मराठे युद्ध पेटले.

मग माधवराव काकांशी फार सौम्य वागले का? धोडपनंतर त्यांना नुसते वाड्यात न ठेवता दूरच्या एखाद्या किल्ल्यावर पाठवले असते, तर नारायणराव वाचले असते का? यावर मी बराच विचार केला. पुण्यात राघोबादादा होते म्हणून खून झाला, हे उघड आहे. पण मला असेही वाटते की राक्षसभुवनला काकांना वाचवणारा माणूस थेऊरला वेगळा वागू शकला नसता. लोकांवर पुन्हा विश्वास टाकण्याची त्यांची सवय होती. त्या सवयीमुळेच पटवर्धन परत आले, जानोजींशी तह झाला आणि राज्य जोडले गेले. तीच सवय एका माणसाच्या बाबतीत फार महागात पडली. गुण आणि दोष कधी कधी एकाच मुळातून येतात.

आपल्या मुलाने फौजेत जावे म्हणून ज्या पालकांनी त्याला इतक्या लांब ठेवले आहे, त्यांनाही ही गोष्ट आवडेल असे मला वाटते. आणि आमच्या वयाच्या कॅडेटांसाठी तिच्यात एक वापरण्याजोगी कसोटी आहे. हाउसची कॅप्टन्सी असो, टीममधली जागा असो किंवा पुढे कधी हाताखाली येणारी जवानांची तुकडी असो, मागे सरावे की ठाम राहावे असा प्रश्न येतोच. तेव्हा स्वतःला विचारावे की जे सोडतो आहे ते माझे आहे, की माझ्याकडे सोपवलेले आहे?

थेऊर पुण्यापासून फार लांब नाही. तिथल्या देवळाचा लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधला असे सांगतात, आणि जवळच नदीकाठी रमाबाईंचे स्मारक आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला घेऊन तिथे जाणार आहे. ती रमाबाईंसाठी हात जोडेल. मला मात्र तो सभामंडप बघायचा आहे, जिथे झोपून एका सत्तावीस वर्षांच्या माणसाने राज्याच्या कर्जाचा हिशेब पुरा केला.